घरचे डॉक्टर आणि आपला कामधंदा

(ध्वनिक्षेपित भाषण)

आपल्या घरीं वर्षानुवर्षें येणाऱ्या डॉक्टरांना आपल्याविषयीं किती माहिती असते, याचा विचार आपण कधीं केला आहे काय? आजोबांना मधुमेह केव्हां जडला, आईचा रक्तदाब कोणत्या औषधानें आटोक्यांत राहतो, धाकट्याला कोणती गोळी सोसत नाहीं, सूनबाईंच्या बाळंतपणांत काय अडचण आली होती, हें सारें त्यांना तोंडपाठ असतें. घरांतल्या कुरबुरीही त्यांच्या कानांवर गेलेल्या असतात. परंतु घरांतलें कमावतें माणूस दिवसाचे आठ-दहा तास बाहेर नेमकें काय करतें, कोणत्या हवेंत श्वास घेतें, कशाला हात लावतें, किती वेळ उभें राहतें, याविषयीं मात्र दवाखान्यांतील कागदावर बहुधा एकच शब्द आढळतो. तो शब्द म्हणजे ‘नोकरी’.

आतां ‘नोकरी’ एवढ्या शब्दावरून वैद्यानें काय ओळखावें? बँकेंतला कारकून नोकरीच करतो, बसचा वाहक नोकरीच करतो, रंगाच्या कारखान्यांत पिंपें ढवळणारा नोकरीच करतो, आणि रात्रीं दोन वाजतां परदेशांतील गिऱ्हाइकांशीं दूरध्वनीवर बोलणारी मुलगीही नोकरीच करते. पण या चौघांचीं शरीरें चार तऱ्हांनीं झिजतात. एकाची पाठ धरते, दुसऱ्याचे कान जातात, तिसऱ्याच्या रक्तांत विष साठतें, चौथीची झोंप हरपते. दुखणें घेऊन चौघेही येतात ते मात्र एकाच दारीं, घरच्या डॉक्टरांच्या. म्हणून आजच्या भाषणांत मला एवढेंच सांगावयाचें आहे कीं, कामधंद्यापासून उद्भवणाऱ्या दुखण्यांचा पहिला सुगावा लागण्याची जागा कारखाना नव्हे, मोठें रुग्णालयही नव्हे. ती जागा म्हणजे आपल्या गल्लींतला दवाखाना होय. आणि हा सुगावा लागावा कीं नाहीं, हें जितकें डॉक्टरांवर, तितकेंच आपणांवरही अवलंबून आहे.

हा विचार नवा नाहीं. इटलींत मोडेना येथें बर्नार्डिनो रामाझिनी नांवाचे एक वैद्य होऊन गेले. त्यांनीं १७०० सालीं कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची वाढविलेली आवृत्ति १७१३ सालीं निघाली. या ग्रंथाची प्रेरणा आपल्याला कशी झाली, हें त्यांनींच सांगून ठेविलें आहे. त्यांच्या घरचा शौचकूप उपसण्यास एक मजूर आला होता. तो अतिशय घाईनें काम करीत आहे असें पाहून रामाझिनींनीं त्याला कारण विचारलें. तेव्हां, या जागेंत चार तासांहून अधिक राहणें म्हणजे आंधळें होणें होय, अशा अर्थाचें उत्तर त्या मजुरानें दिलें. वैद्यबुवांनीं त्याचे डोळे तपासले, तों ते खरोखरच लाल झालेले होते. पुढें याच विद्वानानें वैद्यांना एक उपदेश केला. रोग्यास काय होतें, केव्हांपासून होतें, त्यानें काय खाल्लें, हे प्रश्न तर प्राचीन काळापासून विचारले जातच होते. त्यांत आणखी एकाची भर घाला, असें त्यानें सांगितलें. तो प्रश्न म्हणजे, ‘तुझा धंदा कोणता?’ तीनशेंहून अधिक वर्षें लोटलीं, तरी हा प्रश्न अजून पुष्कळ दवाखान्यांत विचारला जात नाहीं. आणि गटारें व मैलाकुंड्या माणसांकडून साफ करवून घेण्यास आपल्या देशांत २०१३ सालच्या कायद्यानें बंदी केली असूनही, त्यांतील विषारी वायूनें गुदमरून माणसें मेल्याच्या बातम्या आपण अद्यापि वाचतों.

आतां आपल्या मुंबईचें उदाहरण घेऊं. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं येथें पहिली कापडगिरणी स्थापन केली, आणि पुढें शंभर-सव्वाशें वर्षें परळ, लालबाग, वरळी, भायखळा या भागांतील लक्षावधि कुटुंबें गिरण्यांवर जगलीं. कापूस फोडण्याच्या व पिंजण्याच्या खात्यांत धुळीचा नुसता धुरळा असे. तेथें वर्षानुवर्षें काम करणाऱ्यांना छातीचा एक विशिष्ट विकार जडतो. त्यास बिसिनोसिस असें म्हणतात. त्याची ओळख मोठी चमत्कारिक आहे. आठवड्याची सुटी भोगून माणूस कामावर गेला, कीं पहिल्या दिवशीं कांहीं तासांतच त्याची छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो. दुसऱ्या दिवशीं त्रास कमी होतो. पुढच्या सुटीनंतर पुन्हां तोच प्रकार. कांहीं वर्षांनीं हा त्रास आठवड्याचे दोन दिवस, मग तीन दिवस, आणि शेवटीं रोजच होऊं लागतो. मग काम सोडलें तरी दम सुटत नाहीं. बिडी ओढणाऱ्यास तो अधिकच छळतो.

यांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, या विकाराची खास अशी खूण क्ष-किरणांच्या चित्रांत उमटत नाहीं. तीं चित्रें पाहून कितीही मोठ्या तज्ज्ञानें मान डोलविली तरी त्याला ती सांपडावयाची नाहीं. ती सांपडते ती केवळ रोग्याच्या बोलण्यांत. आणि तीही, ‘सुटीनंतरच्या पहिल्या दिवशीं कसें वाटतें?’ असें कोणीं विचारलें तरच. हा प्रश्न न विचारतां ज्यांना खोकल्याचें औषध देऊन वाटेस लावलें जाई, त्यांचा आजार ‘जुना खोकला’ किंवा ‘बिडीचा दमा’ या नांवाखालीं दडून राही. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लक्ष गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. आज त्यांच्या जागीं उंच मनोरे उभे आहेत. गिरण्या गेल्या, पण छातींत शिरलेला कापूस छातींतच राहिला. ज्या म्हाताऱ्याला आज जिना चढवत नाहीं, त्याच्या दम्याचें मूळ चाळीस वर्षांपूर्वींच्या पिंजणखात्यांत असूं शकतें. हें ओळखणारा कोण? त्याचा घरचा डॉक्टर. दुसरा कोणी नाहीं.

तेव्हां डॉक्टरांनीं विचारावयाचे, आणि न विचारल्यास आपण होऊन सांगावयाचे, असे चार प्रश्न मी आपणांपुढें मांडतों. पहिला: आपण नेमकें काय काम करतां? हुद्दा सांगूं नका, काम सांगा. ‘सुपरवायझर’ म्हणूं नका. ‘पत्रे कापण्याच्या यंत्रापाशीं दिवसभर उभा असतों’ असें म्हणा. दुसरा: सुटीच्या दिवशीं, किंवा गांवीं गेल्यावर, आपणांस बरें वाटतें काय? तिसरा: आपल्याबरोबर काम करणाऱ्या आणखी कोणास हाच त्रास आहे काय? आणि चौथा: याच्यापूर्वीं आपण काय काम करीत होतां, आणि नोकरीखेरीज घरीं कांहीं जोडधंदा करतां काय? या चार प्रश्नांना पांच मिनिटें पुरतात. त्यांनीं पुष्कळदां पांच तपासण्यांचा खर्च वांचतो.

पीठ चाळणाऱ्या भटारखान्यांतील कामगाराचें उदाहरण घ्या. त्याला दमा होतो. पण आठ दिवस गांवीं गेला कीं तो मोकळा श्वास घेतो. परत आला कीं पुन्हां खोकतो. पिठाच्या धुळीनें दमा होतो हें आतां पूर्णपणें सिद्ध झालें आहे. फुंकरीचा जोर मोजण्याचें एक साधें, स्वस्त नळकांडें मिळतें. कामाच्या दिवशीं आणि सुटीच्या दिवशीं दर दोन-चार तासांनीं त्यांत फुंकून आंकडे मांडून ठेवले, तर दोन-चार आठवड्यांत दम्याचा आणि कामाचा संबंध कागदावर स्वच्छ दिसूं लागतो. या परीक्षेस मोठ्या रुग्णालयाची गरज नाहीं; चिकाटीची मात्र आहे.

तापाच्या रोग्यालाही हाच प्रश्न उपयोगी पडतो. पावसाळ्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल, असा रोगी आला, आणि तो कोंकणांत भाताच्या खाचरांत राबणारा, गोठ्यांत काम करणारा किंवा गटारांत उतरणारा आहे असें कळलें, कीं डॉक्टरांच्या मनांत लेप्टोस्पायरोसिसची शंका आलीच पाहिजे. वेळेवर दिलेल्या साध्या औषधानें हा ताप बरा होतो; दुर्लक्ष झाल्यास मूत्रपिंडें, यकृत व फुफ्फुसें यांवर जातो. २००५ च्या जुलैंतील महापुरानंतर मुंबईनें याचा कडू अनुभव घेतला आहे. तसेंच शेतावरील फवारणीचें. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर कीटकनाशकें फवारतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. आपणांपैकीं अनेकांचे भाऊबंद गांवीं शेती करतात, म्हणून सांगतों. फवारणीनंतर लाळ गळूं लागली, घाम सुटला, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, धाप लागली, तर त्या माणसाचे कपडे तत्काळ उतरवावे, अंग साबणपाण्यानें धुवावें, आणि त्याला रुग्णालयांत नेतांना औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी बरोबर न्यावी. डबा पाहिल्यानें डॉक्टरांची अर्धी वाट सरते.

आतां एक असा रोग सांगतों, ज्याचा आपल्या स्वयंपाकघराशीं संबंध आहे. गारगोटीची सूक्ष्म धूळ श्वासावाटे फुफ्फुसांत जाऊन बसली, कीं तेथें हळूहळू व्रणासारख्या गांठी बनतात. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. खडी फोडणारे, खाणींत सुरुंग घेणारे, जात्या-पाट्यांना टांकी लावणारे पाथरवट, हे याचे जुने बळी. कोरडा खोकला, चढ चढतांना दम, वजनांत घट, हीं त्याचीं लक्षणें क्षयाच्या लक्षणांशीं इतकीं मिळतीं-जुळतीं आहेत कीं, कित्येकांना वर्षानुवर्षें क्षयाचेंच औषध दिलें जातें. शिवाय ही धूळ ज्याच्या छातींत गेली त्याला क्षयही सहज होतो; म्हणजे दोन्ही शत्रु एकाच घरांत नांदतात. क्षय औषधानें बरा होतो. सिलिकोसिस बरा होत नाहीं. म्हणून तो लवकर ओळखून रोग्यास धुळींतून बाहेर काढणें, एवढाच खरा उपाय.

अलीकडे ओट्यासाठीं एक कृत्रिम दगड निघाला आहे. गारगोटीचा भुगा राळेंत घट्ट बसवून तो करतात, आणि दुकानांत ‘क्वार्ट्झ’ या नांवानें तो मिळतो. त्यांत सिलिकाचें प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक असूं शकतें. हा दगड कोरडा कापणाऱ्या तरुण कामगारांना थोड्याच वर्षांत सिलिकोसिस होतो असें स्पेन, इस्राएल, ऑस्ट्रेलिया इत्यादि देशांत आढळून आलें, आणि ऑस्ट्रेलियानें तर १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. बसविलेल्या ओट्यापासून घरांतील माणसांना अपाय नाहीं. अपाय होतो तो कापणाऱ्यास. तेव्हां आपल्या घरीं ओटा बसवितांना दगड पाण्याची धार सोडूनच कापला जावा, बंद खोलींत कोरडा कापला जाऊं नये, एवढा आग्रह तरी घरमालकानें धरावयास हरकत नाहीं. आपल्या ओट्याच्या तकाकीची किंमत दुसऱ्याच्या श्वासांनीं चुकती होऊं नये.

आपण म्हणाल, आमच्या घरीं दगड फोडणारें कोणी नाहीं. आम्ही कचेरींत बसणारीं माणसें. पण बसण्याचेंही दुखणें असतें. संगणकाच्या पडद्याकडे टक लावून पाहतांना पापण्यांची उघडझांप कमी होते, डोळे कोरडे पडून चुरचुरतात. मनगट वांकवून तींच तींच कामें करणाऱ्यांची आंगठा व त्याशेजारचीं बोटें रात्रीं बधिर होतात, आणि हात झटकल्यावरच बरें वाटतें. तेथें मनगटांत एक मज्जातंतु दाबला जात असतो. मात्र हेंच दुखणें गरोदरपणांत, मधुमेहांत, किंवा गलग्रंथीच्या विकारांतही होतें; म्हणून सगळा दोष कामावर ढकलूनही चालत नाहीं. शाळेंत साठ मुलांपुढें दिवसभर बोलणाऱ्या शिक्षिकेचा आवाज बसतो. तिला घशाचीं औषधें देत राहण्यापेक्षां आवाज कसा वापरावा हें शिकविणें, आणि आवाज तीन आठवड्यांत न सुधारल्यास घसा तज्ज्ञाकडून तपासून घेणें, हें अधिक हिताचें. पाठ धरली कीं पूर्वीं पंधरा दिवस अंथरुणावर पडून राहण्यास सांगत. आतां हें मत पालटलें आहे. गंभीर कारण नसल्याची खात्री झाली, कीं झेपेल तितकें हिंडत-फिरत राहणें, हेंच साध्या पाठदुखीवर उत्तम.

याहून मोठा प्रश्न कामाच्या तासांचा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना यांनीं २०२१ सालीं एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या मानानें ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांस पक्षाघाताचा धोका सुमारें ३५ टक्क्यांनीं अधिक असतो, आणि हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या विकारानें मृत्यु येण्याचा धोका सुमारें १७ टक्क्यांनीं अधिक असतो. पुण्या-मुंबईच्या किती तरुण घरांत ५५ तासांची गणती सहज ओलांडली जाते, हें आपण आपल्या मनाशींच मोजावें. रात्रपाळीचीही तीच गोष्ट. मधुमेहाच्या रोग्यानें रात्रपाळी धरली, आणि गोळ्या मात्र दिवसपाळीच्याच वेळीं घेतल्या, तर साखर एकाएकीं खालीं जाऊन तो कामावरच कोसळूं शकतो. ज्याला फेफऱ्याची व्याधि आहे त्याला जागरणानें झटका येऊं शकतो. सर्दीची साधी गोळी घेऊन मोटार चालविणाऱ्यास गुंगी येते. म्हणजे कामाचा परिणाम शरीरावर होतो, तसा औषधाचा परिणाम कामावरही होतो. आणि ‘हा रोगी काय करतो?’ हें ठाऊक असल्यावांचून डॉक्टरांना औषधाची वेळसुद्धां नीट ठरवितां येत नाहीं.

कामाचें विष कामापाशींच राहतें असेंही नाहीं; तें कपड्यांतून घरीं येतें. पूर्वीं छापखान्यांतील खिळे जुळारी शिशाच्या खिळ्यांत दिवस काढीत. आज जुन्या विजेऱ्या फोडून शिसें वितळविणारे लोक तेंच शिसें हातांवर व सदऱ्यावर घेऊन घरीं येतात. मोठ्या माणसाला त्यानें पोटशूळ उठतो, बद्धकोष्ठ होतें, रक्त कमी होतें, मनगट लुळें पडतें. लहान मुलांच्या बुद्धीची वाढ मात्र कोणतीही उघड लक्षणें न दाखवितां खुंटते. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही त्याच्या तंतूंपासून होणारा कर्करोग झाल्याचीं उदाहरणें वैद्यकशास्त्रांत नमूद आहेत, आणि तो रोग तीस-चाळीस वर्षांनींही प्रकट होतो. कारखान्याचा डॉक्टर कामगाराला पाहतो. कामगाराच्या बायकामुलांना पाहतो तो घरचा डॉक्टर. बाप विजेऱ्या फोडतो आणि मूल फिकट व मंद दिसतें, या दोन गोष्टींची गांठ घालणें फक्त त्यालाच शक्य आहे.

येथवर ऐकून आपणांस वाटेल, हें तर सोपें आहे. रोग ओळखावा आणि रोग्याला तें काम सोडण्यास सांगावें. पण, श्रोतेहो, खरी अडचण येथेंच आहे. समजा, एका कामगाराच्या छातींत धूळ साठली आहे असें निदान झालें. तो हात जोडून म्हणतो, ‘डॉक्टर, कागदावर कांहीं लिहूं नका. साहेबांना कळलें तर उद्यां कामावर घेणार नाहींत. दोन मुलींचीं शिक्षणें व्हावयाचीं आहेत.’ त्याच्या बोलण्यांत खोटें कांहीं नाहीं. नोकरी ठेवली तर छाती जाते, छाती राखली तर चूल विझते. अशा वेळीं ‘काम सोडा’ असा तोंडी उपदेश करून हात झटकणें हें वैद्याचें काम नव्हे. आणि त्याच्या भीतीला मान देऊन गप्प बसणें हेंही नव्हे.

मग मधला मार्ग कोणता? पहिली गोष्ट, काम आणि कामाची रीत या दोन भिन्न गोष्टी आहेत. दगड ओला करून कापतां येतो, धूळ यंत्रानें ओढून घेतां येते, विषारी द्रव्याच्या जागीं सौम्य द्रव्य वापरतां येतें, माणसाला एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत बदलतां येतें. तोंडावर बांधावयाचा मुखवटा हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. दुसरी गोष्ट, दाखल्याची. आपल्याकडे डॉक्टरांचा दाखला दोनच भाषा बोलतो: ‘काम करण्यास अयोग्य’ किंवा ‘काम करण्यास योग्य’. ब्रिटनमध्यें ६ एप्रिल २०१० पासून या दाखल्याचें रूप बदललें. ‘पुढील सोयी केल्यास हा मनुष्य काम करूं शकेल’ असें तेथें डॉक्टरांना लिहितां येतें: प्रथम थोडे तास काम देऊन हळूहळू ते वाढविणें, वेळा बदलणें, कामाचें स्वरूप बदलणें, किंवा कामाच्या जागेंत सुधारणा करणें. आपल्या डॉक्टरांना असें पत्र लिहिण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाहीं. मात्र तें रोग्याच्या संमतीनें लिहावें, आणि त्यांत रोगाचा पाढा न वाचतां फक्त काय सोय हवी तेवढेंच सांगावें. रोग्याचें गुपित हें डॉक्टरांचें नव्हे, रोग्याचें असतें.

दाखल्यांवरून आठवलें. मावसबहिणीच्या लग्नासाठीं, दिवाळीला जोडून चार दिवस मिळावेत म्हणून, ‘डॉक्टर, एवढा ताप लिहून द्या’ असें सांगणारे सज्जन आपल्या समाजांत कमी नाहींत. डॉक्टरही भिडेस पडतात. पण अशा प्रत्येक खोट्या दाखल्यागणिक खऱ्या दाखल्याची पत उतरते, आणि ज्या दिवशीं खरोखर छाती भरून आलेल्या माणसाचा कागद साहेबांच्या टेबलावर जातो, त्या दिवशीं साहेब तो हंसून बाजूला सारतात.

तिसरी गोष्ट, नोंदीची. कारखान्यांत काम करणाऱ्या किंवा पूर्वीं केलेल्या रोग्यास ठराविक धंदेवाईक रोगांपैकीं एखादा रोग झाला आहे असें डॉक्टरांना वाटल्यास, त्यांनीं विनाविलंब कारखान्यांच्या मुख्य निरीक्षकांस लेखी कळविलें पाहिजे, असें १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्याच्या ८९ व्या कलमांत सांगितलें होतें. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० सालच्या नव्या संहितेनें घेतली. तींतही हें कर्तव्य कायम आहे. शिसें, पारा, बेंझिन यांची विषबाधा, सिलिकोसिस, बिसिनोसिस, गोंगाटानें येणारें बहिरेपण, हे सर्व त्या यादींत आहेत. हें कर्तव्य कारखान्याच्या डॉक्टरांपुरतें नाहीं. कोणत्याही पदवीधर डॉक्टरावर तें आहे. अशा रोगांना कामावरील अपघाताप्रमाणें लेखून भरपाई द्यावी हें तत्त्वही आपल्याकडे १९२३ सालच्या कायद्यापासून मान्य झालेलें आहे. परंतु भरपाईसाठीं पुरावा लागतो. वीस-तीस वर्षांनीं रोग प्रकट होतो तेव्हां कारखाना बंद झालेला असतो, कागद वाळवीनें खाल्लेले असतात. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या आरंभापासून निदान ४० वर्षें, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षें, यांपैकीं जी मुदत उशिरां संपेल तोंवर जपाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं दिला, त्याचें मर्म हेंच. घरच्या डॉक्टरांनीं दहा वर्षांपूर्वीं लिहून ठेवलेली ‘दगड कापण्याचें काम, सहा महिन्यांपासून कोरडा खोकला’ एवढी एक ओळ उद्यां एखाद्या विधवेचा आधार ठरूं शकते.

घरच्या डॉक्टरांनीं सगळें एकट्यानेंच करावें असें मी म्हणत नाहीं. ते निरीक्षक नव्हेत, वकीलही नव्हेत. त्यांना कोठें पाठवावयाचें तें ठाऊक असलें म्हणजे पुरे. ज्यांचा कामगार राज्य विमा योजनेंत समावेश आहे त्यांच्यासाठीं त्या योजनेचे दवाखाने व रुग्णालयें आहेत. अहमदाबाद येथें धंदेविषयक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे. मुंबईस शीव येथें केंद्रीय श्रमसंस्था आहे. डॉक्टरांचें काम शंका घेण्याचें आणि रोग्याचा हात न सोडण्याचें.

पण आज हा घरचा डॉक्टरच दुर्मिळ होत चालला आहे. छातींत दुखलें कीं हृदयाच्या तज्ज्ञाकडे, हात बधिर झाला कीं मज्जातंतूंच्या तज्ज्ञाकडे, कातडी सोलली कीं त्वचेच्या तज्ज्ञाकडे आपण परस्पर जातों. प्रत्येकजण आपापला अवयव उत्तम तपासतो. परंतु तीन अवयवांचें दुखणें एकाच यंत्रापाशीं सुरू झालें, हें पाहणारा कोणी उरत नाहीं. म्हणून सांगणें एवढेंच कीं, एक डॉक्टर धरा आणि तो टिकवा. पुढच्या वेळीं दवाखान्यांत जाल तेव्हां, न विचारतां, आपल्या दिवसाचे आठ तास कसे जातात तें दोन वाक्यांत सांगा आणि कागदावर लिहून घ्यावयास लावा. घरांतील प्रत्येक कमावत्या माणसाचें तसें लिहून ठेवा. निवृत्त झालेल्यांचें तर आवर्जून.

आणि एक शेवटची विनंती. आपल्यापैकीं पुष्कळजण रोगी आहेत, तसेच मालकही आहेत. आपल्या घरीं भांडीं घासणाऱ्या बाईंच्या बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या असतील, तर तो तिच्या नशिबाचा भाग नव्हे. साबणाच्या पाण्यांत रोज चार-पांच घरचीं भांडीं घासल्याचा तो परिणाम आहे. सौम्य साबण, आंत सुती अस्तर असलेले हातमोजे, काम आटोपल्यावर लावावयास थोडें व्हॅसलीन, आणि भेगा चिघळल्यास दोन दिवसांची भरपगारी रजा, एवढ्यानें ते हात पुन्हां पूर्ववत् होऊं शकतात. रामाझिनींना त्यांचा ग्रंथ कोठें सांपडला? स्वतःच्या घरीं राबणाऱ्या एका मजुराच्या डोळ्यांत. आपणांलाही पाहण्यासारखें पुष्कळ घरांतच सांपडेल.